मानगूट धरायला कुणीतरी

"फुकटातलं सॉफ्टवेअर चुकलं तर जाब कुणाला विचारणार? विकत घेतलं की मानगूट धरायला कुणीतरी असतं," म्हणत कारखान्याच्या मालकांनी पत्रा दाबायच्या प्रेसवर नवं सॉफ्टवेअर बसवलं. तिसऱ्याच आठवड्यात, तिथे कामाला असलेल्या दोघा भावांपैकी धाकट्याचा हात आत असताना प्रेस खाली आली. रोज सकाळी लेकीची वेणी घालणारी त्याची चार बोटं पत्र्यासारखी चपटी झाली.

थोरल्या भावाने लोखंडी गज उचलला. मालक म्हणाले, "कंपनीला विचार." कंपनीने कराराचं एकोणिसावं पान पुढे केलं: कुठल्याही इजेला आम्ही जबाबदार नाही.

पाचव्या दिवशी इस्पितळाच्या दारात एक म्हातारा आला.

"तुम्ही कोण?" थोरल्याने विचारलं.

"दादा, मी लिहून फुकट वाटलेला प्रोग्रामच त्या कंपनीने नाव बदलून तुमच्या मालकांना विकला. हात आत आहे का, हे बघणारी ओळ माझीच चुकली होती. बातमी वाचली आणि घरात बसवेना."

 

पाच दिवस रिकामा फिरलेला गज, मान खाली घालून उभ्या असलेल्या त्या एकट्या माणसावर उतरला.