दुपारी तीनची नोंद

"ही ओळ कोरी का?" रोस्तिस्लाव कुझ्मिचनं नोंदवहीवर बोट ठेवलं.

सतरा फेब्रुवारी, दुपारी तीन. तापमान नाही, वारा नाही. शेऱ्याच्या रकान्यात तेवढे ठाणेप्रमुख तैसिया इग्नात्येव्नाच्या अक्षरात तीन शब्द होते: निरीक्षक परतला नाही.

साहेब मुख्य कचेरीतून कालच्या विमानानं आला होता. बरोबर पोतंभर कांदे आणि एक लाल रेशमी पताका. हजार दिवसांत एकही नोंद न चुकवणाऱ्या हवामान ठाण्याला ती मिळायची होती. दर तीन तासांनी एकानं बाहेर पडायचं, मापनयंत्रं वाचून यायचं, असे हजार दिवस. मध्ये ही एक कोरी ओळ.

त्याचं म्हणणं सरळ होतं. बाराची नोंद आहे, सहाची आहे. दोहोंचा मध्य काढा आणि पान नव्यानं उतरवा. खाली त्या निरीक्षकाची, वेनियामिनची सही लागेल, ती कुणीही करील. सगळी ठाणी असंच करतात.

"मध्य किती येतो?" तैसियानं विचारलं.

"चौदा. मी काढलाय."

तिनं चहाचा पेला खाली ठेवला. बारा वाजता वारा सेकंदाला अकरा मीटर होता, सहा वाजता सतरा. मधल्या वेळात वादळ येऊन गेलं. त्यात खोलीचं धुराडं उडालं आणि यंत्रांपर्यंत धरून जायला बांधलेला जुना दोर तुटला. वेनियामिन तिसऱ्या दिवशी सापडला, दारापासून वीस पावलांवर. नवा दोर पाठवा म्हणून तिनं त्याआधी तीनदा बिनतारी संदेश धाडला होता. चौदाच्या वाऱ्यात माणूस हरवत नाही. हरवलाच, तर तो प्यालेला असतो. वलोग्दा शहरात त्याच्या आईच्या हाती पडणाऱ्या कागदावर हेच लिहिलेलं असणार, आणि तुटलेल्या दोराबद्दल कचेरीला कुणी जाब विचारणार नाही. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ते हेच.

"मग वारा चाळीस होता म्हणून लिहा," बिनतारी यंत्रापाशी बसलेली झोया पुटपुटली.

"मोजलाय कुणी? मोजलं नाही ते लिहायचं नाही. चाळीस नाही आणि चौदाही नाही."

साहेबानं समजूत घातली. पताका साऱ्या ठाण्याची आहे, गेलेला काही आता परत येत नाही. मग त्याचा आवाज बदलला. अकरा हिवाळे काढलेत, चार ठाणी सांभाळलीत, एका आकड्यापायी पुढचं ठाणं घालवू नका, म्हणाला. पताकेची घडी उलगडून त्यानं ती टेबलावर पसरली. काठाला सोनेरी गोंडे होते, टांगायला जाड रेशमी दोरी.

तैसियानं ती दोरी दोन बोटांत धरून ओढून पाहिली.

"दोर मागितला होता, रोस्तिस्लाव कुझ्मिच. एवढाच आणलात?"

झोयानं तोंड फिरवलं. साहेबाचे कान लाल झाले. त्यानं कोरं पान पुढे सरकवलं, लेखणी काढली आणि चौदा आपल्याच हातानं लिहायला घेतलं.

"थांबा," ती म्हणाली. "तीन वाजत आलेत. वारा आज वीसच्या आसपास असेल, त्या दिवसाच्या मानानं काहीच नाही. तुम्ही जाऊन मोजून या. आलात, की तुम्ही म्हणाल तो आकडा मी लिहिते."

तो उठला, बहुधा रागानंच. तिनं कोट दिला, खडू दिला. दाराशेजारी पाटी टांगलेली होती. बाहेर जाताना नाव लिहायचं, परत आल्यावर आपलं आपण पुसायचं. दुसऱ्याच्या नावाला इथं कुणी हात लावत नाही.

पाटीवर आधीच एक नाव होतं. त्याच्या खाली त्यानं 'रोस्ति' एवढं लिहिलं आणि दार उघडलं. बर्फाचा लोट आत आला. उंबऱ्यापलीकडचं त्याला काही दिसेना. त्यानं दोन्ही हातांनी दार लोटून घेतलं.

"पुसा," तैसिया म्हणाली. "तुम्ही परत आलात."

त्यानं बाहीनं आपली अक्षरं पुसली आणि जागेवर जाऊन बसला. लेखणी पुन्हा उचलली नाही. कचेरीत परतल्यावर तिच्याविरुद्ध आपण काय लिहू, ते मात्र त्यानं सांगून ठेवलं. तैसियानं ऐकून घेतलं. बर्फगाडीच्या कुत्र्यांचे पट्टे एकमेकांना गाठी मारून केलेला दोर तिनं कमरेला बांधला, दुसरं टोक झोयाच्या हातात दिलं.

तीनला चार मिनिटं कमी होती. तिनं खडू घेतला आणि वेनियामिनच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं.