अम्पारोची बरणी

"झालं बघा, लिबोरियोकाका. तुमच्या विहिरीचं पाणी पूर्ववत झालं." कंपनीची पाणीतज्ज्ञ ट्रिना होलुब हिने सहीचा कागद टेबलावर पुढे सरकवला.

म्हाताऱ्याला धड आनंदही होईना. सोळा वर्षं त्याने कंपनीला भंडावून सोडलं होतं. टेक्सासमधल्या त्याच्या कुरणाखाली सोडा मिसळलेलं पाणी खेळवून कंपनीने युरेनियम विरघळवून वर काढलं, खाण बंद केली, आणि मग तेच पाणी उपसत, गाळत बसली. "पूर्वीसारखं करून द्या," हा एकच धोशा त्याने लावला होता.

पूर्वीचं पाणी कसं होतं, याचा त्याच्याकडे पुरावा होता. खाणीची यंत्रं आली त्या दिवशी त्याच्या बायकोने, अम्पारोने, मिरच्यांच्या लोणच्याची बरणी धुऊन तीत विहिरीचं पाणी भरलं आणि झाकणावर मेण ओतलं. ती गेल्यावर बरणी तिच्या फोटोशेजारी बसली. गेल्या महिन्यात त्याने ती पहिल्यांदाच तपासायला दिली. आज ट्रिना ती परत घेऊन आली होती.

"म्हणजे आता प्यायला हरकत नाही?"

"छे छे, प्यायचं नाही. पिण्याच्या मर्यादेच्या तिप्पट युरेनियम आहे त्यात."

"अगं पोरी, आत्ताच म्हणालीस ना, पूर्ववत झालं?"

"झालंय ना. बरणीतही तेवढंच निघालं." ट्रिनाचा आवाज खाली आला. "तुमच्या जमिनीत ते मुळातच होतं. आम्ही यायच्या आधीपासून."

लिबोरियो हसला. "म्हाताऱ्याची थट्टा करतेस? चाळीस वर्षं प्यालो आम्ही हे. अम्पारोने चार पोरं वाढवली या पाण्यावर. तिच्या किडन्या तर तुमच्या खाणीमुळे..."

ट्रिना पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

"मग सोळा वर्षं मी तुमच्याकडे मागत काय होतो गं?"

त्याने सही केली. न करायला कारण उरलं नव्हतं.

तिची गाडी गेल्यावर तो बरणी उचलून सवयीने फोटोकडे गेला. तिथे ठेवता ठेवता हात थांबला. तो दाराकडे वळला, पुन्हा फोटोकडे आला. बरणी कुठे ठेवावी ते त्याला कळेना, आणि हातात धरवेना.