पालथा पेला

पुढ्यात स्टीलचा पेला आला तेव्हा यशश्रीला इतका आनंद झाला, की तो कोणाला दिसू नये म्हणून तिने खाली वाकून उगाचच बुटाची नाडी बांधली.

इंदिरानगरच्या वाचनालयात वर्षातून एका रविवारी संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद भरते. नववी ते अकरावीची मुलं चिठ्ठ्या उचलून देश घेतात. एका देशाचे दोघं, एक शहरातला, एक गावाकडचा. हे सगळं निवृत्त भूगोल शिक्षिका गोदावरी मॅडम चालवतात, आणि व्हेटोचा नियम त्यांचा स्वतःचा आहे. व्हेटो असलेल्या देशांपुढे पाण्याने भरलेला पेला, बाकीच्यांना कागदी कप. ज्याला ठराव पाडायचाय त्याने उभं राहून सगळं पाणी प्यायचं आणि पेला टेबलावर पालथा घालायचा. तेवढ्या वेळात डोकं थंड होतं, असं मॅडमचं म्हणणं.

मागच्या वर्षी धवलचं डोकं काही थंड झालं नव्हतं. यशश्रीचा नदीच्या पाण्याचा ठराव सगळ्यांनी उचलून धरला होता, आणि हा पठ्ठ्या निव्वळ मित्रांना हसवायला घटाघटा पाणी पिऊन मोकळा झाला. सातपूरच्या कंपनीतून सुट्टी काढून आलेले तिचे पप्पा मागच्या रांगेत बसले होते. घरी जाताना गाडीवर ते एवढंच म्हणाले, "बोललीस झकास. पण त्या पोराने पाणी का प्यायलं गं?" वर्षभर तिने धवलवर डूख धरला होता.

यंदा चिठ्ठीत तिला फ्रान्स आलं. धवलला केनिया. कागदी कप. देव आहे, असं तिला मनापासून वाटलं.

धवल ठराव मांडायला उभा राहिला. निर्वासितांच्या छावण्यांमधल्या मुलांचा ठराव होता. मूल सीमा ओलांडून दुसऱ्या देशात गेलं तरी त्याची इयत्ता त्याच्याबरोबर जावी, दाखला नाही म्हणून कोणाला पुन्हा खालच्या वर्गात बसवू नये. ठराव चांगला होता. ते यशश्रीलाही कळत होतं, आणि म्हणूनच तिला जास्त चेव चढला. टुकार ठराव पाडण्यात कसली आलीय मजा? धवलशेजारी त्याची जोडीदार सुवर्णा बसली होती. नववीतली, नामपूरहून पहिल्या एसटीने आलेली. त्याच्या प्रत्येक वाक्याबरोबर तिचे ओठ हलत होते. यशश्रीची नजर मात्र धवलवरून हलली नाही.

मतदान झालं. हात भराभर वर गेले. जो ठराव जिंकेल तो मांडणारी जोडी मुंबईच्या परिषदेला जाणार होती, त्यामुळे धवल आतापासूनच गालात हसत होता.

"फ्रान्स?" मॅडमनी विचारलं.

यशश्री पेला घेऊन उभी राहिली.

"चांगला हाय गं ठराव," तिचा जोडीदार, दिंडोरीकडचा समर्थ, खालून कुजबुजला. "नको पिऊ."

"तू गप बस."

तिने घाई केली नाही. पेल्याच्या काठावरून धवलकडे बघत ती एकेक घोट पीत राहिली. अर्ध्यावर पाणी घशाशी आलं. पेला एवढा मोठा असेल असं लांबून वाटत नव्हतं. तिथे ती थांबू शकली असती. पण गाडीवरचा पप्पांचा प्रश्न आठवला आणि उरलेलं पाणी आपोआप आत गेलं. तिने पेला टेबलावर पालथा आपटला. वर्षभरात पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

मधल्या सुट्टीत ती मुद्दाम धवलच्या समोर जाऊन उभी राहिली. तो वडापाव खात होता.

"आता कळलं ना, कसं वाटतं ते?"

"कशाबद्दल बोलतेयस?"

"मागच्या वर्षी माझा ठराव तू पाडलास."

धवलने खरोखर आठवून पाहिलं. "मी? असेल बाबा. सॉरी हं." मग पुढचा घास घेत तो म्हणाला, "पण हा ठराव माझा कुठे होता? सुवर्णाने लिहिलाय. तिचे आईबाप कामासाठी गावं बदलत फिरायचे, दाखल्यापायी पोरीचं एक वर्ष वाया गेलंय. तिला माइकची भीती वाटते, म्हणून मी वाचला. आपल्याला काय, मुंबई फिरून झालीय."

यशश्री तशीच सभागृहात परत गेली.

सुवर्णा फ्रान्सच्या टेबलापाशी उभी होती. ती रडत नव्हती. तिने पालथा पेला उचलला, सरळ केला आणि आत डोकावून पाहिलं.

"मॅडम, पुढल्या साली हा पेला कोणाला भेटंल, ते कसं ठरतं?"

"चिठ्ठी निघेल तसं, बाळा."

"मी दहावीत राहीन. मग यायला चालंल ना?"

"चालेल की," मॅडम कौतुकाने म्हणाल्या.

"सुवर्णा," यशश्री पुढे झाली, "मला माहीतच नव्हतं गं. मला वाटलं, ठराव त्याचा आहे."

सुवर्णाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. ती यशश्रीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचत होती. वाचताना तिचे ओठ हलत होते.