सहाव्या प्रश्नाचे तीन

स्टोअरकीपरने आठपैकी सात प्रश्नांपुढे शून्य मांडलं. दुपारी जेवून आडवं झाल्यावर झोप लागते का, इथे मात्र एक दिला. अगदीच साधुसंत दिसायला नको.

झोपेत त्याचा श्वास तासाला तीस वेळा अडतो, हे मशीनने आधीच सिद्ध केलं होतं. आता दिवसा किती पेंग येते, ते डॉक्टरीणबाईंना हवं होतं. शून्य म्हणजे कधीच नाही, तीन म्हणजे हमखास. तसाच कागद बायकोलाही दिला होता. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ती त्याच्याबद्दल भराभर लिहीत होती.

लिहू दे. तिचीही नोंद त्याच्याकडे होती. तीन आठवड्यांत अकरा वेळा. संध्याकाळी तो खुर्चीत जरा डोळे मिटून बसला, की तिचा आवाज कानावर यायचा. हळू, मऊ. ‘तुमच्याशी बोललं ना, की हलकं वाटतं.’ त्याने डोळे उघडावेत, तर बाई गप्प, खाली मान घालून भाजी निवडतेय. तुम्ही म्हणते, म्हणजे माणूस मानाचा. फोन त्याने दोनदा तपासला. एकही कॉल नाही. पुसून टाकत असणार, पक्की आहे. त्याच्याशी ती वर्षभरात इतक्या मायेने बोलली नव्हती, आणि तेच जास्त झोंबत होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्याची बेरीज एक, तिची एकोणीस.

“एकाच माणसाबद्दल लिहिलंत ना?” त्यांनी विचारलं.

वाचन, टीव्ही, गाडीतला प्रवास यांवर कुरकुरत तडजोड झाली. घोडं अडलं सहाव्यावर. कुणाशी बसून बोलताना डोळा लागतो का? त्याचं शून्य, तिचे तीन.

“हिला काय माहीत?” तो म्हणाला. “आमचं बोलणं होतंच कुठे? हिचं सगळं बोलणं दुसरीकडे.”

मग त्याने वारासकट सगळं बाहेर काढलं. मंगळवारी नोकरी सोडावीशी वाटते म्हणाली. गुरुवारी एकटं वाटतं म्हणाली. शनिवारी तर चक्क रडली.

“मी समोर बसलेला असताना. विचारा तिला, कोण आहे तो.”

बायकोने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“सहाव्याला तीनच ठेवा, डॉक्टर.” मग ती नवऱ्याकडे वळली. “सांगत तुम्हालाच होते. शनिवारी झोपेत तुम्ही ‘हं’ म्हणालात, म्हणून रडू आलं.”