पुरस्कारप्राप्त विभाग

कायमचे प्राध्यापक एकेक करून निवृत्त झाले आणि विद्यापीठाचा भूगोल विभाग सिल्लोडहून एसटीनं येणारी विशाखा एकटीच ओढू लागली, तीही तासिका तत्त्वावर. यंदा उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार नेमका भूगोलाला मिळाला. तासिकावाल्यांना व्यासपीठावर बोलावत नाहीत, म्हणून शाल अंगावर घ्यायला प्रभारी विभागप्रमुख गेले. ते मूळचे वाणिज्यचे. विशाखानं खाली बसून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या, कारण पुरस्कारामुळं विभागाला एक कायमची जागा मंजूर झाली होती.

मुलाखतीला ती नवी साडी नेसून गेली. तिची प्रमाणपत्रं चाळून समितीचे अध्यक्ष हळहळले. "बाई, हा पुरस्कारप्राप्त विभाग आहे. इथल्या शिकवण्याचा दर्जा फार वरचा. तुम्हाला झेपायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती घरीच राहिली. दहा वाजता प्रभारी विभागप्रमुखांचा फोन आला.

"मॅडम, कुठं आहात? पोरं वर्गात वाट बघायलीत."

"पण सर, मला झेपणार नाही म्हणले ना काल?"

"ते कायमचं, मॅडम," सरांनी समजूत काढली. "तात्पुरतं झेपतं की तुम्हाला."