शिवलेली फांदी

“पाळीत असून जाहदेवाच्या झाडाला शिवतेस? जळून जाईल ते!” जटाधारी लासेल्सने गरजत थोरल्या बहिणीचं, आयोनाचं, मनगट खेचलं आणि त्या झटापटीत त्याच्याच कोपराने गांजाची सगळ्यात भरलेली फांदी बेचक्यात चिरली. कापणीला दहा दिवस उरले होते. तिच्या तुऱ्यांच्या काढ्यावाचून त्याच्या डोळ्यांचा ठणका थांबत नसे. तो मटकन खाली बसला. आयोनाने फांदी उचलून चीर जुळवली, केळीच्या वाळक्या सोपटाची पट्टी दातांनी फाडली आणि भोवती गुंडाळायला घेतली. “जगेल ना गं, ताई?” त्याने विचारलं. “पाच महिने याला पाणी कोण घालतंय? मीच. पाळीतसुद्धा! जाहने हरकत घेतली नाही, तू कोण लागून गेलास? बोल, बांधू की सोडून देऊ?” “बांध,” तो पुटपुटला. “मगाशी गरजलास तसं बोल. तेव्हाचं अख्ख्या डोंगराने ऐकलंय, आता हेही ऐकू दे.”