अर्धी पाटी

घरातला आपला अर्धा हिस्सा घटस्फोटित नवऱ्याच्या नावे करून शलाका रजिस्ट्रार कचेरीतून बाहेर आली, तेव्हा परागनं पिशवीतून एक लाकडी तुकडा काढून तिच्या हातात ठेवला. दोघांच्या नावांची दारावरची शिसवी पाटी त्यानं करवतीनं मधोमध कापली होती.

"हिश्श्याचे पैसे दिले, आता हे तुझं नाव. बँकेच्या हप्त्यांचं मी बघतो."

सोडलेला नवरा इतकं सरळ वागतो, याचंच तिला अप्रूप वाटलं. भाड्याच्या खोलीच्या दारावर तिनं तो तुकडा हौसेनं ठोकला आणि त्याचा फोटो परागला पाठवला.

सहा महिन्यांनी त्याच दाराशी बँकेचा वसुलीवाला उभा राहिला. हप्ते थकले होते, आणि कर्जाच्या कागदांवर तिची सही तशीच होती.

तिनं परागला फोन लावला. "घर तुला देऊन मी मोकळी झाले ना?"

"घरातून झालीस. कर्जातून नाव काढायला बँकेत अर्ज करावा लागतो. तो केलास?"

तिनं दारातल्या वसुलीवाल्याकडे पाहिलं. "त्यांना माझा पत्ता कुणी दिला?"

"मीच," पराग शांतपणे म्हणाला. "म्हटलं, दारावर पाटी आहे, शोधावं लागणार नाही."